सौदा पटल्यावर माफी कशाची?

प्रश्न : भोसरीच्या औद्योगिक वसाहतीत आमचा पितळी बुशिंग (यंत्राच्या दांड्याभोवती बसणारी नळी) बनवण्याचा छोटा कारखाना आहे. निर्यातीचा पत्रव्यवहार मी सांभाळतो. अमेरिकेतल्या एका खरेदीदाराशी 20,000 नगांच्या ऑर्डरवर तीन आठवडे बोलणी चालली होती. आम्ही नगाला 1.42 डॉलर सांगितले होते, ते 1.20 वर अडून होते, शेवटी 1.31 वर जमलं. पैसे 90 ऐवजी 45 दिवसांत द्यायलाही ते तयार झाले. शेवटच्या मेलमध्ये त्यांनी लिहिलं, ‘यू ड्राइव्ह अ हार्ड बार्गेन, बट वी हॅव अ डील.’ आमच्या मालकांनी याचा अर्थ ‘तुम्ही फार घासाघीस करता बुवा’ असा घेतला. गिऱ्हाईक दुखावलं असं वाटून त्यांनी मला दिलगिरीचा मेल पाठवायला लावला, वर 2 टक्के सूट द्यायला लावली. तिकडून आभाराची एक ओळ आली, बाकी काही नाही. तो शेरा कौतुकाचा होता की तक्रारीचा? दुसरं म्हणजे, आमच्या कच्च्या मालाच्या पुरवठादाराबद्दल याच खरेदीदाराला मी लिहिलं, ‘वी आर प्लेइंग हार्डबॉल विथ देम.’ त्यावर लगेच विचारणा आली की माल वेळेवर मिळेल ना? यात काय चुकलं? आणि हे दोन्ही वाक्प्रचार मराठीत नेमके कसे सांगायचे? – एक वाचक, भोसरी

उत्तर : कौतुकाचा. त्याचा पुरावा त्या वाक्याच्या उत्तरार्धात आहे. ‘बट वी हॅव अ डील’ म्हणजे सौदा पक्का. रागावलेला माणूस असं लिहून हात मिळवत नाही. त्यांना म्हणायचं होतं, ‘तुम्ही व्यवहाराला पक्के निघालात, पण ठीक आहे, ठरलं.’ तुमच्या मालकांनी माफी मागितली ती चांगलं काम केल्याबद्दल, आणि त्यासाठी पैसेही मोजले. 20,000 नग, 1.31 डॉलर दराने 26,200 डॉलर. त्याचे 2 टक्के म्हणजे 524 डॉलर.

ही सूट आता मागे घेऊ नका. दिलेला शब्द फिरवण्यात तिच्याहून जास्त नुकसान आहे. पण एक काम आजच करा. प्रोफॉर्मा इन्व्हॉइसमध्ये, म्हणजे माल पाठवण्याआधीच्या कच्च्या बिलात, नगाचा दर 1.31 डॉलरच ठेवा आणि 2 टक्के सूट खाली वेगळ्या ओळीत, ‘फक्त या ऑर्डरपुरती’ असं स्पष्ट लिहून दाखवा. ती दरातच वळती केलीत तर नगाला 1.2838 डॉलर पडतील, आणि पुढच्या वेळी बोलणी 1.31 पासून न होता 1.28 पासून सुरू होतील. खरेदीदाराच्या फायलीत मागच्या इन्व्हॉइसवरचा दर राहतो, तो कसा ठरला ते कोणी लिहून ठेवत नाही.

आता मूळ वाक्प्रचाराकडे. गोंधळ होतो तो ‘बार्गेन’ या शब्दापाशी. आपण मराठीत ‘बार्गेन करणे’ हे क्रियापद घासाघिशीसाठी वापरतो, म्हणून ‘हार्ड बार्गेन’ दिसलं की ‘जोरदार घासाघीस’ असं वाटतं. पण इथे ‘बार्गेन’ हे नाम आहे आणि त्याचा अर्थ आहे सौदा, म्हणजे ठरलेल्या अटी. ‘हार्ड’ हे त्या अटींचं विशेषण आहे, माणसाच्या स्वभावाचं नाही. समोरच्याला जड जाणाऱ्या अटी, असा तो ‘हार्ड’. घासाघिशीला इंग्रजीत ‘हॅगल’ हा वेगळा शब्द आहे. कोथिंबिरीच्या जुडीवर पाच रुपयांसाठी चालतं ते हॅगलिंग. तिथे ‘शी ड्रोव्ह अ हार्ड बार्गेन’ म्हटलं तर ते गमतीत मोठेपणा दिल्यासारखं वाटतं. हा वाक्प्रचार शोभतो तो घराचा व्यवहार, पगार, कंत्राट, कामगार करार, दोन सरकारांमधला तह अशा ठिकाणी, जिथे एकाहून जास्त अटी पणाला लागलेल्या असतात.

‘बार्गेन’ला आणखी एक अर्थ आहे, स्वस्तात मिळालेली चीज. ‘इट्स अ बार्गेन’ म्हणजे मातीमोल भावात मिळालं. त्यामुळे ‘अ हार्ड बार्गेन’ आणि ‘अ रिअल बार्गेन’ जवळजवळ उलट टोकांना आहेत. पहिला घेणाऱ्याला जड जातो, दुसरा घेणाऱ्याला लाभतो.

‘ड्राइव्ह’चा मोटार चालवण्याशी संबंध नाही. या क्रियापदाचा जुना अर्थ हाकणे, रेटणे, ठोकून आत घालणे असा आहे. गुरं हाकणं, खिळा ठोकणं, दोन्हींना हेच क्रियापद चालतं. सौदा ‘ड्राइव्ह’ करणं म्हणजे तो रेटत रेटत शेवटाला नेणं. मोटारीच्या कितीतरी आधी ही शब्दयोजना इंग्रजीत रुळली होती. 1586 मध्ये वारलेल्या फिलिप सिडनी या इंग्रज कवीच्या एका प्रेमकवितेत प्रियकर-प्रेयसी एकमेकांची हृदयं बदलून घेतात, आणि त्याहून चांगला सौदा कधी ‘ड्रिव्हन’ झाला नाही असं तिथे म्हटलं आहे. सौदा आणि हे क्रियापद यांची जोडी इतकी जुनी आहे. म्हणूनच ‘डू अ हार्ड बार्गेन’ किंवा ‘मेक अ हार्ड बार्गेन’ लिहिलं की इंग्रजी वाचकाला खटकतं. ‘स्ट्राइक अ बार्गेन’ मात्र आहे, पण त्याचा अर्थ फक्त सौदा ठरणं. कोण ताणून बसलं होतं, याबद्दल तो काही सांगत नाही.

शेरा कौतुकाचा की कुरकुरीचा हे ओळखायला तीन गोष्टी बघाव्या लागतात: कोण कोणाला म्हणतंय, बोलण्यांच्या कोणत्या टप्प्यावर म्हणतंय, आणि त्या वाक्यानंतर काय येतंय. समोरचा तोंडावर ‘यू ड्राइव्ह अ हार्ड बार्गेन’ म्हणतो तेव्हा दहातल्या नऊ वेळा तो झुकायच्या बेतात असतो. पुढे ‘बट’ आलं की सवलत आलीच समजा: ‘…बट ऑल राइट’, ‘…बट आय कॅन लिव्ह विथ दॅट’. पुढे ‘बट’ नसेल, उलट ‘अँड आयम नॉट शुअर वी कॅन गेट देअर’ असं काही असेल, तर तो आपल्या मर्यादेजवळ आलाय. इथे भाव आणखी ताणू नका. भावाऐवजी दुसरी अट पुढे करा – पैशांची मुदत, किमान नगसंख्या, भाड्याचा बोजा कोणावर, डिलिव्हरीचे हप्ते. आणि तिसऱ्याच माणसाबद्दल, पाठीमागे ‘ही ड्राइव्ह्ज अ हार्ड बार्गेन’ म्हटलं जातं तेव्हा ती बहुधा सूचना असते: तयारीने जा, हा माणूस सहज सोडत नाही. त्यात आदर असतो, प्रेम असेलच असं नाही.

स्वतःबद्दल मात्र हा वाक्प्रचार जपून वापरा. ‘वी ड्राइव्ह अ हार्ड बार्गेन’ असं कंपनीच्या माहितीपत्रकात लिहिलेलं दिसतं, आणि लिहिणाऱ्याला वाटतं आपण ‘आम्ही स्वस्तात देतो’ असं सांगतोय. वाचणाऱ्याला दिसतं ते ‘आमच्याशी व्यवहार करणं तुम्हाला जड जाईल’ असं. गिऱ्हाइकाच्या वतीने तुम्ही तिसऱ्याशी बोलणी करत असाल, म्हणजे खरेदी सल्लागार किंवा दलाल असाल, तरच हे वाक्य जाहिरातीत शोभेल.

उत्तर काय द्यायचं? बोलण्यात असेल तर हसून ‘सो डू यू’ एवढं पुरे. ‘तुम्हीही काही कमी नाही’ असा त्याचा भाव आहे, आणि समोरच्यालाही तो आवडतो. मेलमध्ये असेल तर एक ओळ आभाराची आणि लगेच ठरलेल्या अटी आकड्यांत: नग किती, दर किती, एफओबी (जहाजभाडं खरेदीदाराचं) की सीआयएफ (भाडं आणि विमा आपला), बंदर कोणतं, 45 दिवस कोणत्या तारखेपासून मोजायचे – इन्व्हॉइसच्या की बिल ऑफ लेडिंगच्या (जहाज कंपनीने दिलेल्या मालाच्या पावतीच्या). या शेवटच्या मुद्द्यावर चांगले अनुभवी लोकही चुकतात. कागदपत्रं तयार व्हायला आणि माल जहाजावर चढायला मध्ये दोन-तीन आठवडे गेले, तर तुमचे मिळवलेले दिवस तिथेच हरवतात. माफीचा शब्द कुठेही नको. भीड भिकेची बहीण, असं आपल्याकडे उगीच म्हणत नाहीत.

हार्ड बार्गेन म्हणजे फसवणूक किंवा जबरदस्ती, असाही एक समज असतो. आपला कायदा तसं मानत नाही. भारतीय करार अधिनियम, 1872 च्या कलम 16 खाली अनुचित प्रभाव (वरचढपणाचा गैरफायदा घेऊन मिळवलेली संमती) समजावणारी उदाहरणं दिली आहेत. त्यातलं एक असं: बाजारात पैशांची चणचण असताना एक माणूस बँकरकडे कर्ज मागतो, बँकर नेहमीपेक्षा बराच चढा व्याजदर लावल्याशिवाय द्यायला तयार नाही, माणूस तो दर मान्य करून कर्ज घेतो. कायदा म्हणतो, हा धंद्यातला नेहमीचा व्यवहार आहे, अनुचित प्रभाव नाही. हे हार्ड बार्गेनचं चोख उदाहरण. त्याच्या लगतचंच उदाहरण गावच्या सावकाराचं आहे. ऋणको आधीच त्याच्या कर्जात आहे आणि नवं कर्ज अशा अटींवर घेतो की त्या उघडउघड अन्यायाच्या दिसतात. तिथे मात्र आपण दबाव आणला नाही हे सावकाराने सिद्ध करायचं. दोन्हीकडे अटी कडकच आहेत. फरक आहे तो एका पक्षाची मान आधीच दुसऱ्याच्या हातात होती की नाही, याचा. कलम 25 मध्ये तर 1,000 रुपयांचा घोडा 10 रुपयांना विकण्याचं उदाहरण आहे: संमती मोकळी असेल तर तोही करारच. मात्र मोबदला इतका अपुरा असणं ही संमती खरंच मोकळी होती का, हे तपासताना न्यायालय लक्षात घेऊ शकतं.

हे इतकं सविस्तर सांगितलं, कारण मराठी भाषांतरात इथेच घसरतं. बातमीत ‘ड्रोव्ह अ हार्ड बार्गेन’साठी ‘अडवणूक केली’ किंवा ‘पिळवणूक केली’ लिहिलं की बँकरचा सावकार होतो. मूळ लेखकाने न केलेला आरोप भाषांतरकाराच्या पदरी पडतो.

लिहिताना होणाऱ्या चुकांपैकी पहिली ‘अ’ गाळण्याची. मराठीत उपपद नसल्यामुळे ‘ही ड्राइव्ह्ज हार्ड बार्गेन’ असं हातून सहज जातं. एकवचनी असेल तर ‘अ’ हवाच, अनेकवचनी ‘हार्ड बार्गेन्स’ला नको. दुसरी याहून घातक: ‘ही बार्गेन्ड हार्डली’. ‘हार्ड’ला ‘ली’ लावून क्रियाविशेषण करायला गेलं की अर्थ पार उलटतो. ‘हार्डली’ म्हणजे जेमतेम, नसल्यासारखं. म्हणजे ज्याने तीन आठवडे भाव धरून ठेवला, त्याने ‘फारशी बोलणीच केली नाहीत’ असं तुम्ही लिहून मोकळे होता. ‘बार्गेन्ड हार्ड’ बरोबर आहे. भूतकाळ ‘ड्रोव्ह’, आणि ‘ड्रिव्हन’मधली ‘इ’ ऱ्हस्व. माणसासाठी ‘विथ’, विषयासाठी ‘ओव्हर’ किंवा ‘ऑन’: घरमालकाशी, भाड्यावरून. आणखी एक, ‘बार्गेन’चा इंग्रजी उच्चार ‘बार्गिन’च्या जवळ जातो. फोनवर ऐकताना हे माहीत असलं की शब्द निसटत नाही.

आता हार्डबॉल. याचं मूळ अमेरिकेत, बेसबॉलच्या मैदानात आहे. शिकागोमध्ये 1887 मध्ये बेसबॉलची एक बंदिस्त जागेत खेळायची मवाळ आवृत्ती निघाली, तीच पुढे सॉफ्टबॉल झाली. महाराष्ट्रातल्या शाळांतही ती खेळली जाते. सॉफ्टबॉलचा चेंडू मोठा, परीघ सुमारे 30 सेंटिमीटर, आणि तो खांद्याखालून फेकायचा. त्याच्या तुलनेत मूळ बेसबॉलला ‘हार्डबॉल’ म्हणू लागले. बेसबॉलचा परीघ सुमारे 23 सेंटिमीटर, वजन 142 ते 149 ग्रॅम, आणि व्यावसायिक सामन्यात तो 18.44 मीटरवरून, खांद्यावरून, टप्पा न पडता ताशी 145 किलोमीटरच्या वर वेगाने येतो. आपल्याकडे रबरी किंवा टेनिस चेंडूवर खेळणारी पोरं पहिल्यांदा सिझन बॉलसमोर उभी राहतात तेव्हा जे होतं, तेच या शब्दात आहे: आता लागेल, आता इजा होईल. सिझन बॉल बेसबॉलहून थोडा जडच असतो, 155.9 ते 163 ग्रॅम.

‘प्लेइंग हार्डबॉल’मध्ये म्हणून इजा करण्याची तयारी अभिप्रेत आहे. माल अडवून ठेवणं, थकलेलं बिल दाबून धरणं, ‘शुक्रवारी संध्याकाळपर्यंत उत्तर द्या नाहीतर दुसरीकडे जातो’ अशी मुदत टाकणं, कोर्टाची नोटीस धाडणं, प्रतिस्पर्ध्याशी मुद्दाम दिसेल अशी भेट ठेवणं, हे सगळं हार्डबॉल. हार्ड बार्गेनमध्ये शेवटी सौदा असतोच. हार्डबॉलमध्ये तो असेलच असं नाही, किंबहुना तो मोडण्याची धमकी हेच त्यातलं हत्यार असतं. निवडणुकीच्या आधी जागावाटप रखडलं की इंग्रजी वर्तमानपत्रं एखादा मित्रपक्ष ‘हार्डबॉल’ खेळतोय असं लिहितात, तेव्हा युती तुटू शकते हा इशारा त्यात असतो. जागा ठरून गेल्यावर त्याच पक्षाने ‘ड्रोव्ह अ हार्ड बार्गेन’ असं लिहिलं जातं. दोन्ही शब्द एकाच बातमीच्या दोन दिवसांत येऊ शकतात, एकमेकांच्या जागी मात्र येऊ शकत नाहीत.

तुमचं दुसरं वाक्य इथे नडलं. तुम्हाला सांगायचं होतं की आम्ही पितळेच्या दरासाठी पुरवठादाराशी नेटाने बोलतोय, तुमचाच फायदा बघतोय. खरेदीदाराने वाचलं ते असं: यांचं कच्च्या मालवाल्याशी भांडण पेटलंय, कोणीतरी माल किंवा पैसे रोखून धरले आहेत, माझे 20,000 नग लटकणार. त्याची चौकशी अगदी रास्त होती. गिऱ्हाइकाला आपल्या पुरवठ्याच्या साखळीतलं हार्डबॉल कधीच सांगू नये, आणि गिऱ्हाइकाच्या वागण्याबद्दल तर तोंडावर ‘यू आर प्लेइंग हार्डबॉल’ म्हणू नये. तो सरळ आरोप आहे. आपसात, बंद दाराआड, डावपेच ठरवताना हा शब्द ठीक.

याच्याशी घोळ होणारा आणखी एक वाक्प्रचार म्हणजे ‘प्लेइंग हार्ड टू गेट’. तो आपला ‘भाव खाणे’. यात धमकी नाही, नुसता नखरा आहे. मूळ वापर प्रेमप्रकरणातला, धंद्यात आला तरी तीच छटा घेऊन येतो.

मराठीत कसं सांगायचं, याला एकच उत्तर नाही आणि एकच शोधूही नये. ‘कठीण सौदा चालवणे’ किंवा ‘कठोर सौदेबाजी’ असे शब्द जुळवून ठेवले की ते कोणाच्याच तोंडी बसत नाहीत. तुमच्या मेलमधल्या वाक्याला ‘तुम्ही व्यवहाराला पक्के आहात हं’ किंवा ‘तुमच्यापुढे भावात टिकणं अवघड’ हे जवळ जातं. बातमीत तटस्थ सांगायचं तर ‘बहुतेक अटी मान्य करून घेतल्या’, ‘शेवटपर्यंत ताणून धरलं आणि हवं ते पदरात पाडून घेतलं’. ‘पदरात पाडून घेणे’मध्ये चिकाटीही येते आणि फळही येतं, म्हणून आम्हाला ते सर्वांत जवळचं वाटतं, ‘घासाघीस’मध्ये फळ येत नाही. समोरचा गरजू होता आणि त्याचा फायदा घेतला असं मूळ मजकुरात खरोखर असेल तरच ‘अडला हरी’च्या वाटेला जा. हार्डबॉलसाठी सौम्य हवं तर ‘ताठर भूमिका घेणे’, नेमकं हवं तर ‘खिंडीत गाठणे’. नाक दाबलं की तोंड उघडतं, ही म्हण तर हार्डबॉलच्या पूर्ण डावाचं वर्णन आहे.

खरेदीदाराची चौकशी अजून अनुत्तरित असेल तर आजच्या आज लिहा. जुन्या वाक्याचं स्पष्टीकरण देत बसू नका, ‘हार्डबॉल’ शब्द पुन्हा काढूही नका. ‘वी आर निगोशिएटिंग ब्रास प्राइसेस विथ अवर सप्लायर. युवर डिलिव्हरी डेट इज नॉट अफेक्टेड.’ ही दोन वाक्यं पुरतात. त्याखाली ठरलेली जहाजाची तारीख आणि आज हातात असलेला पितळेचा साठा किलोमध्ये द्या, त्यात किती नग निघतील तेही. पाठवण्याआधी मात्र स्टोअरमध्ये जाऊन साठा स्वतः मोजून घ्या.